फ्लॅट पाहिला, पण सोसायटी पाहिली का? इसार देण्याआधी कोणते कागद मागायचे

गेल्या वर्षी दादानं पुण्यात टू बीएचके घेतला. रीसेलचा, अठरा वर्षं जुन्या इमारतीतला. घरच्या सगळ्यांनी मिळून तो चार वेळा पाहिला. आईनं ओट्याची उंची बघितली, बाबांनी नळ सोडून पाण्याचा दाब बघितला, वहिनीनं दुपारी ऊन कुठून येतं ते पाहिलं. मी घरातला इंजिनीअर, त्यामुळे भिंतींवरच्या भेगा बघण्याचं काम माझ्याकडे आलं. वकिलानं टायटल तपासलं, बँकेनं व्हॅल्युएशन केलं. सगळं ठीक निघालं.

खरेदीखत नोंदवून झाल्यावर दादा पेढ्यांचा बॉक्स घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेला. तिथे त्याला तीन गोष्टी कळल्या. आधीच्या मालकानं गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची वर्गणी भरलेली नव्हती, ती व्याजासह 62 हजार झाली होती. मालकानं 'आपलं पार्किंग' म्हणून दाखवलेली जागा दरवर्षी चिठ्ठ्या टाकून ठरत होती. आणि सदस्यत्व नावावर करायचं तर 75 हजार 'डोनेशन' द्यावं लागेल, अशी 'सोसायटीची पद्धत' होती.

"काका, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही," दादा म्हणाला.

"अहो, तुम्ही विचारलंत कुठे?" सेक्रेटरी काकांनी शांतपणे उत्तर दिलं.

ते वाक्य तेव्हा टोचलं. नंतर विचार केल्यावर पटलं. आम्ही फ्लॅट पाहिला होता, सोसायटी पाहिलीच नव्हती. आणि माझा अंदाज आहे की हे वाचणाऱ्या बहुतेकांनी तेच केलं असेल किंवा तेच करायच्या बेतात असतील.

तुम्ही नेमकं काय विकत घेता?

सोसायटीतला फ्लॅट घेताना चार भिंतींबरोबर एका संस्थेचं सदस्यत्वही येतं. त्या संस्थेचे नियम असतात, बँक खातं असतं, वाद असतात आणि कधी कधी कर्जही असतं. खरेदीखतामुळे फ्लॅट तुमच्या नावावर होतो. पण शेअर सर्टिफिकेटवर नाव चढून सदस्यत्व मिळेपर्यंत सर्वसाधारण सभेत तुम्हाला मत नसतं. म्हणजे हप्ता तुम्ही भरता आणि इमारतीचं काय करायचं ते बाकीचे ठरवतात.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सोसायटीचे कागद वाचण्याची योग्य वेळ इसार देण्याच्या आधीची. इसार देईपर्यंत तुम्ही ग्राहक असता, भाव करू शकता, नाही म्हणू शकता. इसार दिल्यावर तुम्ही अर्जदार होता.

पहिला प्रश्न : सोसायटी की अपार्टमेंट?

बोलताना आपण सगळ्यालाच सोसायटी म्हणतो. कायद्यात मात्र दोन वेगळे प्रकार आहेत.

सहकारी गृहनिर्माण संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदवलेली असते. 2019 मध्ये या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आलं. इथे सदस्याला शेअर सर्टिफिकेट मिळतं आणि संस्था उपविधींवर चालते.

अपार्टमेंट म्हणजे कॉन्डोमिनियम. ते महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, 1970 खाली येतं. इथे शेअर सर्टिफिकेट नसतं. घोषणापत्र म्हणजे 'डीड ऑफ डिक्लरेशन' असतं आणि प्रत्येक फ्लॅटचा सामायिक जागेतला अविभाज्य हिस्सा त्यात लिहिलेला असतो. पुण्यात हा प्रकार भरपूर आहे.

फरक थेट खिशाला लागतो. सोसायटीत सर्व्हिस चार्जेस सगळ्या फ्लॅटना समान असतात, वन बीएचके असो की थ्री बीएचके. अपार्टमेंटमध्ये सामायिक खर्च हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. थ्री बीएचके घेताना हा एक प्रश्न विचारला नाही, तर महिन्याचं गणित चुकतं.

नियम नेमका कुठे लिहिलेला असतो?

'आमच्याकडे असं चालत नाही' हे वाक्य सोसायटीत वारंवार ऐकू येतं. ते कुठल्या कागदावर उभं आहे, हे बघायचं. सोसायटीत सगळ्यात वर कायदा आणि नियम. त्याखाली सोसायटीचे नोंदणीकृत उपविधी, म्हणजे बाय-लॉज. त्याखाली सर्वसाधारण सभेचे ठराव. त्याखाली कमिटीचे निर्णय. आणि सगळ्यात खाली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा मेसेज. खालचा नियम वरच्याच्या विरोधात गेला, तर तो टिकत नाही.

राज्यात बऱ्याच सोसायट्यांनी सहकार खात्याचे 2014 चे आदर्श उपविधी स्वीकारले आहेत. काही जुन्या सोसायट्या अजून आधीच्या उपविधींवर चालतात. त्यामुळे इंटरनेटवरचे उपविधी वाचून भागत नाही, त्या सोसायटीची नोंदणीकृत प्रत लागते.

हा कागद किती वजनदार असतो, त्याचं एक उदाहरण. अहमदाबादच्या एका सोसायटीत फक्त पारशी समाजालाच सदस्यत्व देणारा उपविधी होता. 2005 मध्ये झोरोअ‍ॅस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं तो वैध ठरवला. त्या निकालाशी सहमत असा वा नसा, उपविधी न वाचता घर घेणं किती धोक्याचं आहे हे त्यातून दिसतं.

मेंटेनन्स कमी म्हणजे सोसायटी चांगली?

'मेंटेनन्स फक्त बाराशे' असं जाहिरातीत असलं की आपण खूश होतो. मी मात्र आता उलट विचारतो. फंडात किती आहे?

आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंडासाठी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के रक्कम दरवर्षी घ्यायची असते आणि दुरुस्ती निधीसाठी 0.75 टक्के. यात जमिनीची किंमत धरत नाहीत. गणित करून बघा. बांधकाम खर्च 20 लाख असेल, तर सिंकिंग फंड वर्षाला 5,000 आणि दुरुस्ती निधी 15,000. पण इमारत जुनी असेल आणि तेव्हाचा बांधकाम खर्च फ्लॅटमागे 3 लाख धरला असेल, तर सिंकिंग फंड वर्षाला फक्त 750 रुपये येतो. तीस वर्षांत व्याज सोडून 22,500. एवढ्यात आज फ्लॅटमागे किती काम होणार? लिफ्ट बदलायची वेळ आली की प्रत्येकी लाखभर रुपयांची वर्गणी निघते, आणि ती निघते तेव्हा मालक तुम्ही असता.

आणखी दोन गोष्टी. लिफ्टचा खर्च तळमजल्यावरच्या सदस्यांनाही समान द्यावा लागतो. आणि थकबाकीवर आदर्श उपविधींनुसार वार्षिक 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज लागू शकतं. 50 हजारांची थकबाकी वर्षात 60,500 होते. सोसायटीची थकबाकी भरल्याशिवाय हस्तांतरण पूर्ण होत नाही. त्यामुळे विकणारा पैसे घेऊन मोकळा झाला असेल, तर ती प्रत्यक्षात नव्या मालकालाच भरावी लागते. दादाचे 62 हजार असेच गेले.

'डोनेशन' द्यावं लागतं का?

नाही. हस्तांतरणासाठी सोसायटी किती अधिमूल्य घेऊ शकते, यावर राज्य सरकारनं 2001 मध्ये मर्यादा घातली. महापालिका क्षेत्रात ती जास्तीत जास्त 25 हजार रुपये आहे. लहान गावांत त्याहून कमी. याशिवाय हस्तांतरण फी 500 आणि प्रवेश फी 100 रुपये. 'स्वेच्छा देणगी', 'डेव्हलपमेंट फंड', 'पेंटिंग फंड' अशा कुठल्याही नावाखाली हस्तांतरणासाठी यापेक्षा जास्त मागता येत नाही. ही मर्यादा सहकारी सोसायटीसाठी आहे. अपार्टमेंट असेल, तर घोषणापत्र आणि तिथले उपविधी बघा.

एनओसीबद्दलही गैरसमज आहे. आदर्श उपविधींनुसार फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी आवश्यक नाही. विकणाऱ्यानं पंधरा दिवसांची नोटीस द्यायची असते. मात्र कर्ज देणारी बँक सोसायटीचं पत्र मागते, त्यामुळे व्यवहारात तो कागद लागतोच.

सदस्यत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सदस्य झाला असं कायदा मानतो. दादानं 75 हजार द्यायला लेखी नकार दिला, 25 हजारांचा चेक दिला आणि पावती मागितली. काका नाराज झाले, पण पावती मिळाली. शेअर सर्टिफिकेट हातात यायला मात्र सात महिने लागले.

पार्किंग : सगळ्यात जास्त भांडणं इथेच

स्टिल्टखालची किंवा उघडी पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात स्पष्ट केलं. रेरा कायद्यात बंदिस्त गॅरेजचा विचार वेगळा आहे, पण उघडं पार्किंग सामायिक जागेतच मोडतं. अशी जागा कुणी कशी वापरायची, ते सोसायटी ठरवते. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील, तर आदर्श उपविधींत दरवर्षी चिठ्ठ्या टाकण्याची तरतूद आहे.

म्हणजे विकणारा 'पार्किंगसह' म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा त्याच्याकडे फक्त वापराची परवानगी असते. ती फ्लॅटबरोबर तुमच्याकडे येईल का, हे सोसायटीकडून लेखी घ्या. त्याच्या तोंडी शब्दावर दोन-तीन लाख जास्त मोजू नका.

भाडेकरू आणि कुत्रं

गुंतवणूक म्हणून घर घेत असाल, तर भाड्याचे नियम बघा. आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्यानं देताना सोसायटीची परवानगी लागत नाही, करार आणि पोलिस नोंदणीची माहिती द्यावी लागते. बिनभोगवटा शुल्क सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सर्व्हिस चार्ज महिना 2,500 असेल, तर हे शुल्क जास्तीत जास्त 250 रुपये. तरीही 'बॅचलर नको' असे ठराव होतात. ते कायद्यात टिकतील की नाही हा पुढचा प्रश्न. गेटवर तुमचा भाडेकरू अडवला जातो, तेव्हा नुकसान तुमचं होत असतं.

पाळीव प्राण्यांचंही तसंच. सोसायटीनं बहुमतानं ठराव केला तरी प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण कुत्र्याला लिफ्टमधून न्यायचं की नाही यावर रोज वाद घालायची तयारी आहे का, हे घर घेण्याआधी ठरवलेलं बरं.

इमारत जुनी असेल तर

तीन गोष्टी विचारा.

पहिली, स्ट्रक्चरल ऑडिट. आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि 30 वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. शेवटचा अहवाल मागा. मी भिंतींवरच्या भेगा बघून आलो होतो. त्यापेक्षा तो अहवाल वाचला असता, तर गच्चीचं गळतीप्रकरण तिथेच कळलं असतं.

दुसरी, अभिहस्तांतरण म्हणजे कन्व्हेयन्स. इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? बिल्डरनं करून दिलं नसेल, तर मानीव अभिहस्तांतरणाची सोय कायद्यात आहे. पण ते करायला सोसायटीनं हालचाल केली आहे का, हे विचारायला हवं.

तिसरी, पुनर्विकास. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार एकूण सदस्यांपैकी 51 टक्के सदस्यांच्या संमतीनं पुनर्विकासाचा निर्णय होऊ शकतो. तुम्ही इंटिरिअरवर आठ लाख घालाल आणि पुढच्या वर्षी घर रिकामं करायची नोटीस येईल. किंवा उलट, पुनर्विकास होणार म्हणून जास्त भाव द्याल आणि तो दहा वर्षं रखडेल. दोन्हींचा अंदाज सभेच्या इतिवृत्तात मिळतो.

कायदा आहे, पण तो कुणासाठी?

इथपर्यंत वाचून वाटेल की नियम तर चांगले आहेत, मग अडचण काय? अडचण अशी की हे बरेचसे हक्क सदस्य झाल्यावर मिळतात. उपविधी, ताळेबंद, सभांची इतिवृत्तं तपासण्याचा हक्क सहकार कायद्याच्या कलम 32 नुसार सदस्याला आहे. आयुष्यभराची कमाई घालून सदस्य व्हायला निघालेल्या माणसाला तो नाही.

नवीन प्रकल्पात घर घेतलं, तर महारेराच्या वेबसाइटवर बिल्डरला मंजुऱ्या, आराखडे, खटले यांची माहिती टाकावी लागते. 2017 पासून आपल्याला त्याची सवय झाली आहे. पण तुम्ही त्याच रस्त्यावर दहा वर्षं जुना फ्लॅट घेतलात, तर सोसायटीची आर्थिक स्थिती तुमच्यासमोर ठेवायला कुणी बांधील नाही.

माझा कॉलेजचा मित्र कॅलिफोर्नियात आहे. त्यानं तिथे घर घेतलं, तेव्हा त्याला हाती पडली भलीमोठी पीडीएफ. अमेरिकेत बऱ्याच वसाहती होमओनर्स असोसिएशन, म्हणजे एचओए चालवतात. हिरवळ किती वाढू द्यायची, दाराला कुठला रंग द्यायचा इथपर्यंत त्यांचे नियम असतात. तो वैतागून म्हणाला, "घर घेतोय की होस्टेलला अ‍ॅडमिशन?" पण नियम, हिशेब आणि वर्गणी यांचे कागद विकणाऱ्यानं खरेदीदाराला देणं कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं बंधनकारक आहे. फ्लोरिडात एचओएचं माहितीपत्रक करारापूर्वी दिलं नसेल, तर ते मिळाल्यावर तीन दिवसांत खरेदीदार करार रद्द करू शकतो. एचओएची दादागिरी तिथेही कमी नाही. पण ती कशी असेल, हे तिथल्या खरेदीदाराला सही करण्याआधी वाचायला तरी मिळतं.

आपल्याकडे एवढंच व्हावं, असं माझं मत आहे. विकणाऱ्यानं अर्ज केला की सोसायटीनं ठरावीक फी घेऊन पंधरा दिवसांत एक पानी माहितीपत्रक द्यावं. त्यात पाच गोष्टी असाव्यात : थकबाकी, निधीतली शिल्लक, मंजूर झालेली किंवा येऊ घातलेली वर्गणी, पार्किंगची स्थिती आणि सुरू असलेले खटले. यासाठी नवं खातं नको, नवं प्राधिकरण नको. उपविधींत एक कलम पुरे.

सोसायटीचीही बाजू आहे

कमिटीतली माणसं खलनायक नसतात. सेक्रेटरी काका निवृत्त आहेत, एक पैसा न घेता टँकरपासून लिफ्टच्या एएमसीपर्यंत सगळं बघतात. दर महिन्याला चार एजंट गिऱ्हाइकं घेऊन येतात, त्या प्रत्येकाला हिशेबाची वही दाखवत बसायचं का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. सोसायटीची अंतर्गत माहिती कुणाही अनोळखी माणसाला देऊ नये, हेही बरोबर. म्हणूनच अर्ज विकणाऱ्या सदस्याचा असावा, फी ठरलेली असावी आणि माहिती एका पानात असावी. काकांचा वेळ वाचेल आणि 'तुम्ही विचारलंत कुठे' असं कुणाला म्हणावंही लागणार नाही.

तोपर्यंत काय करायचं?

कलम 32 चा हक्क सदस्याला आहे, आणि विकणारा सदस्यच असतो. त्यामुळे कागद त्याच्यामार्फत मागा. इसार देण्याआधी ही यादी त्याला व्हॉट्सअ‍ॅप करा :

1. नोंदणीकृत उपविधींची प्रत (अपार्टमेंट असेल तर घोषणापत्र)
2. शेअर सर्टिफिकेटची प्रत, त्यावर विकणाऱ्याचंच नाव आहे ना ते बघा
3. थकबाकी नसल्याचा ताज्या तारखेचा दाखला
4. मागच्या तीन महिन्यांची मेंटेनन्स बिलं
5. शेवटचा लेखापरीक्षण अहवाल आणि ताळेबंद
6. मागच्या दोन वर्षांतल्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं
7. पार्किंगबद्दल सोसायटीचं पत्र
8. भोगवटा प्रमाणपत्र, अभिहस्तांतरणाची स्थिती आणि शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट

सगळं वाचायला वेळ नसेल, तर सहावा कागद तरी वाचाच. कुठे गळतंय, कोण कुणाशी भांडतंय, कुठली वर्गणी येऊ घातली आहे, ते सगळं सभेच्या इतिवृत्तात असतं.

आणि इसार पावतीत किंवा साठेखतात एक वाक्य घालून घ्या : 'खरेदीखताच्या तारखेपर्यंतची सोसायटीची सर्व देणी, मंजूर झालेल्या वर्गणीसह, विकणाऱ्यानं भरायची आहेत.' वकिलाला सांगितलं तर पाच मिनिटांचं काम आहे. हे वाक्य दादाच्या साठेखतात असतं, तर 62 हजार मागायला त्याच्याकडे आधार राहिला असता.

विकणारा कागद द्यायला टाळाटाळ करत असेल, 'अहो, आमची सोसायटी एकदम घरच्यासारखी आहे' असं म्हणत असेल, तर थोडं थांबा. घरच्यासारखी असेल, तर कागद दाखवायला काय हरकत आहे?

ताजा कलम : यंदाच्या चिठ्ठ्यांत दादाला पार्किंग मिळालं, कोपऱ्यातलं आणि खांबाशेजारचं. काकांशी आता चांगलं जमतं. मागच्या सभेत दादानं एक ठराव मांडला, फ्लॅट विकायला काढणाऱ्या सदस्याला सोसायटीनं एक पानी माहिती द्यावी असा. तो एकमतानं मंजूर झाला. पहिलं अनुमोदन काकांचं होतं.